अंगावर असेल ते मोजत नाहीत

लेकीचं लग्न परदेशात ठरलं तेव्हा मास्तरांनी दोन गोष्टी एका दमात जाहीर केल्या. एक, लग्नाचा झगा मी शिवणार. दोन, विमानाचं तिकीट मी शोधणार.

पहिलीबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मास्तर म्हणजे टेलर मास्तर. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या अरुंद दुकानात त्यांनी बायकांचे कपडे शिवण्यात हयात घालवली होती आणि त्यांच्या हाताला नाव ठेवायला जागा नव्हती. दुसरी गोष्ट ऐकून मात्र मास्तरीणबाई धास्तावल्या. मास्तरांना स्वस्त वस्तूचा वास लांबून यायचा. त्यांनी स्वस्तात आणलेली छत्री फक्त घरात उघडायची. स्वस्तात आणलेला फ्रीज थंड करायचा नाही, पण गुणगुणायचा सुरेख.

"ताई आणि भाऊजी थेट विमानाने चाललेत," मास्तरीणबाई भाजी चिरता चिरता सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या. "इथे बसायचं, तिथे उतरायचं."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण आणि भाऊजी म्हणजे मास्तरांचे साडू. साडूंचा फरशांचा मोठा व्यापार होता. दोघा साडूंचं भांडण कधीच नव्हतं, पण साडूंनी नवी गाडी घेतली की मास्तरांना आपल्या सायकलचे गुण नव्याने दिसू लागत.

"थेट विमानाला आपल्या दुप्पट पैसे पडतात," मास्तर फोनवरून मान वर न करता म्हणाले. "हे बघ. मध्ये एकदा उतरायचं, बस्स. एका विमानतळावर उतरायचं आणि पुढचं विमान दुसऱ्या विमानतळावरून. गाव एकच."

"एका गावाला दोन विमानतळ कशाला लागतात?"

"मोठं गाव आहे गं. लोकांच्या घरात नसतं का, एक न्हाणीघर वर आणि एक खाली."

"आणि वरच्यातून खालच्यात जायचं कसं?"

"बस आहे," मास्तर म्हणाले आणि तिकीट काढून मोकळे झाले.

साडूंना हे कळल्यावर त्यांनी मुद्दाम फोन केला. त्यांच्या विमानात म्हणे बटण दाबलं की खुर्चीचा पलंग होत होता. "दात कोरून पोट भरत नाही हो, मास्तर," साडू म्हणाले. मास्तर म्हणाले, "आम्हाला झोपायला घरी पलंग आहे. तेवढ्यासाठी आकाशात कोण जातं?" आणि फोन ठेवून त्यांनी मशीनचं चाक उगाचच जोरात फिरवलं.

झगा मात्र अप्रतिम झाला. मोतिया रंगाचं जड रेशीम, त्यावर बारीक पितळी मण्यांचं काम, मनगटापर्यंत घट्ट बाह्या, पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत कापड मढवलेल्या इवल्या इवल्या गुंड्या आणि मागे जमिनीवरून सरपटत येणारा हा एवढा घोळ. लेकीने फोनवर "बाबा, साधाच शिवा हं" असं तीनदा सांगितलं होतं. मास्तरांनी ते मुलीच्या जातीचा संकोच म्हणून सोडून दिलं होतं.

निघायच्या दिवशी झगा एका मोठ्या खोक्यात घालून ते विमानतळावर गेले. स्वस्त विमानाच्या खिडकीवर एक मुलगी बसली होती. तिच्या शेजारी लोखंडी सांगाडा होता. ज्याची पिशवी त्या सांगाड्यात बसेल तो सुटला, ज्याची बसणार नाही त्याने वेगळे पैसे भरायचे. झग्याचं खोकं सांगाड्यात बसणं म्हणजे हत्तीने फुलदाणीत बसणं.

"याचे किती?" मास्तरांनी विचारलं.

मुलीने आकडा सांगितला. मास्तरांनी मनातल्या मनात तो तिकिटात मिळवला आणि त्यांचा चेहरा पडला. बेरीज नेमकी साडूंच्या पलंगापर्यंत पोचत होती.

"अहो, भरून टाका," मास्तरीणबाई कुजबुजल्या.

"थांब," मास्तर बायकोला म्हणाले आणि त्या मुलीकडे वळले. "हा समोरचा माणूस तीन कोट घालून चाललाय. त्याला काही म्हणाला नाहीत तुम्ही."

"अंगावर असेल ते आम्ही मोजत नाही," मुलगी जांभई दाबत म्हणाली.

तिला काय कल्पना, आपण काय बोलून बसलो ते! मास्तरांनी खोक्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. मास्तरीणबाईंनी एक पाऊल मागे घेतलं.

"मी मुळीच घालणार नाही."

"तुला होणारही नाही," मास्तर म्हणाले. आणि ते खरंच होतं. लेक बापाच्या वळणावर गेली होती, उंच आणि खांद्यात रुंद. त्या झग्यात दोन मास्तरीणबाई मावल्या असत्या आणि वर थोडी जागा उरली असती. "तिचं माप आणि माझं माप जवळपास एक आहे. शिवताना बाहीचा अंदाज मी माझ्याच हातावर घेत होतो."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"इथे आपल्याला ओळखतं कोण?"

शेवटी एका खांबाच्या आडोशाला मास्तरांनी शर्ट-पॅंटवरूनच झगा चढवला. मास्तरीणबाई एकेक गुंडी लावत होत्या आणि प्रत्येक गुंडीला मास्तरांच्या खानदानाबद्दल एकेक वाक्य बोलत होत्या. गुंड्या पुष्कळ होत्या. खानदान पुरलं.

मास्तरांच्या मिशा भरघोस होत्या. वर मिशा, खाली मोतिया रेशीम, मागे झाडूसारखा येणारा घोळ. रांगेतल्या एका लहान मुलीने आपल्या आईला विचारलं, "आई, नवरा कुठाय?" आईने तिचे डोळे झाकले.

तपासणीच्या दारातून जाताना मण्यांमुळे यंत्र ओरडायला लागलं. आता याची झडती पुरुष शिपायाने घ्यायची की बाई शिपायाने, यावर दोघांत वाद झाला. शिपाई म्हणाला, कपडे बायकांचे आहेत, तू घे. बाई म्हणाली, मिशा पुरुषाच्या आहेत, तू घे. दोघांचे साहेब आले, त्यांनी बराच वेळ मास्तरांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे शिवलं कुणी?"

"मीच," मास्तर ताठ होत म्हणाले.

"काम छान आहे," साहेब म्हणाले, "जा."

एवढं कौतुक झाल्यावर मास्तरांना आपला निर्णय फारच शहाणपणाचा वाटू लागला. तो शहाणपणा विमानात शिरेपर्यंत टिकला.

खुर्च्या इतक्या जवळ जवळ होत्या की पुढच्या माणसाच्या टकलावर हनुवटी टेकवता आली असती. मास्तर बसले आणि झग्याचा घेर तिन्ही खुर्च्यांवर दुधासारखा उतू गेला. पलीकडे एक लठ्ठ गृहस्थ आधीच झोपले होते. त्यांच्या तोंडावर रेशीम आलं, तसे ते झोपेतच हसले आणि आणखी कुशीत सरकले. विमान उडाल्यावर हवाईबाई गाडी ढकलत आली. पाण्याला पैसे, उशीला पैसे, पांघरुणाला पैसे. शिवाय अत्तर आणि खेळण्यातली विमानं ती कर्ण्यावरून ओरडून विकत होती. आठवडी बाजारात बसल्यासारखं वाटत होतं, फक्त उठून घरी जाता येत नव्हतं.

मास्तरांना तहान लागली. त्यांनी डोक्यावरचं बोलावण्याचं बटण दाबायला हात वर केला. हात खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. मास्तरांनी जोर लावला. काखेत शिवण कचकन आवळली.

"काय झालं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"हात वर जात नाही."

"का?"

मास्तरांनी बाहीकडे पाहिलं. त्यांनी दुसरा हात वर करून पाहिला. तोही गेला नाही. खिशातून रुमाल काढावा म्हणून त्यांनी हात खाली नेला, तर झग्याला खिसा नव्हता आणि पॅंटचा खिसा कितीतरी थर आत होता. कंबर इतकी बेतीव होती की श्वास घ्यायचा तर आधी सोडावा लागत होता. मण्यांचं काम सरळ मांडीत रुतत होतं. आणि थोड्या वेळाने जेव्हा स्वच्छतागृहात जायची वेळ आली तेव्हा काय काय झालं, ते मास्तरांनी नंतरही कुणाला धड सांगितलं नाही. इतकंच कळलं की मास्तरीणबाई बाहेरून दार धरून उभ्या होत्या, झग्याचा निम्मा घोळ त्यांच्या हातात होता आणि रांगेतले लोक आळीपाळीने त्यांना मदत करत होते.

जागेवर परत आल्यावर मास्तरांनी झग्याचा घोळ पायाशी गोळा केला.

"तुझी निळी साडी नेसतेस ना, त्यावरचं पोलकं," ते एकदम म्हणाले. "ते काखेत ओढतं का गं?"

"ओढतं की. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर स्टुलावर चढावं लागतं."

"मग सांगितलं नाहीस कधी?"

"सांगितलं. तुम्ही म्हणालात, बसतं किती सुरेख ते बघ."

मास्तरांनी स्वतःच्या काखेतली शिवण बोटाने चाचपली. त्या बाजारातल्या निम्म्या बायका त्यांच्या डोळ्यांपुढून हात वर न करता चालत गेल्या असाव्यात.

मधल्या गावी विमान उतरलं. झगा काढावा असं मास्तरांनी सुचवून पाहिलं, पण पुढच्या विमानातही तोच सांगाडा होता. "त्या सगळ्या गुंड्या पुन्हा काढून पुन्हा लावायच्या?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा मी इथेच संसार थाटते."

मग ते बस शोधायला निघाले. तेव्हा कळलं की दुसऱ्या विमानतळाने या गावाचं नुसतं नाव लावलं होतं. तो होता पार दुसऱ्या टोकाला, कोबीच्या शेतांपलीकडे. बस तिकडे जात होती हे खरं, पण वाटेतला एकही थांबा न गाळता. बाजार, दवाखाना, शाळा, पोहण्याचा तलाव, सगळीकडे ती थांबणार होती. चालक एक धिप्पाड बाई होती. तिला मास्तरांची भाषा येत नव्हती आणि मास्तरांना तिची. मास्तरांनी दोन्ही हात जमतील तेवढे पसरून विमानाची खूण केली, घड्याळावर बोट आपटलं आणि केविलवाणा चेहरा केला.

बाईने त्यांना नखशिखांत न्याहाळलं. झगा पाहिला, मिशा पाहिल्या, कपाळावरचा घाम पाहिला. मग तिच्या चेहऱ्यावर अशी काही माया दाटून आली की मास्तरीणबाई चपापल्या.

"अहो, हिला वाटतंय तुमचंच लग्न आहे."

"वाटू दे. बस लवकर जाऊ दे."

बाईने मागे वळून प्रवाशांना खणखणीत आवाजात काहीतरी सांगितलं. सगळे प्रवासी मास्तरांकडे वळले. एका म्हातारीने हात जोडून छातीशी धरले. दोन पोरींनी टाळ्या वाजवल्या. आणि मग एकामागून एक लोक आपापल्या थांब्याला नकाराच्या माना हलवू लागले. दवाखान्यात जाणारा म्हणाला असावा, दुखणं काय, उद्याही राहील. एका माणसाच्या मांडीवर चिनी मातीचं नवं कोरं बेसिन होतं. त्याला पुढच्याच थांब्यावर उतरायचं होतं, पण त्यानेही उदारपणे हात उडवला. बस सुसाट निघाली. बाजार गेला, शाळा गेली, तलाव गेला. बाई वाजवायचं कारण नसताना भोंगा वाजवत होती आणि लोक काहीतरी गाणं म्हणत होते.

"मला फार वाईट वाटतंय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आपण या लोकांना फसवतोय."

"आपण कुठे काय बोललो?"

"म्हणूनच वाईट वाटतंय."

कोबीच्या शेतांपाशी मात्र बस थांबली. रस्ता खणून ठेवला होता. विमानतळ समोर दिसत होता, मध्ये कोबी. इकडे आड, तिकडे विहीर. चालकबाईने दार उघडलं, मास्तरांचा दंड धरला आणि सरळ शेतात उडी मारली. मागोमाग मास्तरीणबाई, म्हातारी, दोन पोरी आणि बेसिनवाला. बेसिन त्याने बसमध्ये का ठेवलं नाही, कुणास ठाऊक. माणूस घाईत असला की हातातलं सोडायचं सुचत नाही. चिखल घोट्याच्या वर होता. मोतिया रेशीम कोबीवरून सपसप ओढत मास्तर धावत होते, हात वर जात नसल्यामुळे पेंग्विनसारखे. एकदा तर पालथेच पडले. तेव्हा त्या दोन पोरींनी त्यांना घोळाला धरून उचललं आणि एखाद्या हातगाडीसारखं पुढे ढकललं.

विमानतळाच्या दारात सगळे धापा टाकत पोचले. चालकबाई इकडे तिकडे पाहत होती. नवरी किंवा नवरा, जे कोण असेल ते शोधत असावी. मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी बायकोला फोन काढायला सांगून बाईला लेकीचा फोटो दाखवला, मग झग्याकडे बोट केलं, मग पुन्हा फोटोकडे, मग सुईदोऱ्याची खूण करून आपल्या छातीवर हात ठेवला. बाईला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ती इतकी मोठ्याने हसली की दारावरचा पहारेकरी उठून उभा राहिला. मग तिने बाकीच्यांना सांगितलं, तेही हसले, आणि म्हातारीने झग्याच्या बाहीवरचं मण्यांचं काम बोटाने चाचपून पाहिलं. बेसिनवाल्याने तर बेसिन खाली ठेवून मास्तरांना मिठीच मारली. चिखल दोघांत वाटून घेतला गेला.

विमान मिळालं. त्या विमानाची सेवा पहिल्याहून वाईट होती, पण मास्तर बसल्या बसल्या झोपले. त्यांचं डोकं या वेळी कुणाच्या तरी टकलावर खरंच टेकलं होतं.

लेक त्यांना न्यायला आली होती. सोबत होणारा जावई आणि जावयाची आई, म्हणजे विहीणबाई. विहीणबाई दातांच्या डॉक्टर होत्या, कमी बोलणाऱ्या, कपड्यांना एक सुरकुती नाही. व्याह्यांची ही पहिलीच भेट. दार सरकलं आणि आतून चिखलाने माखलेली, कानाशी कोबीचं पान अडकलेली, मिशीवाली नवरी बाहेर आली.

लेक जमिनीवर बसली. रडतेय की हसतेय ते कुणालाच कळेना. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

"बेटा, मी नीट करतो. सगळं धुऊन..."

"बाबा," ती कशीबशी म्हणाली, "किती... किती जड दिसतंय हो ते!"

विहीणबाई पुढे आल्या. त्यांनी मास्तरांच्या कानाशी अडकलेलं पान दोन बोटांनी अलगद काढलं, दातातला कण काढावा तसं, आणि म्हणाल्या, "प्रवास कसा झाला?"

"स्वस्त," मास्तर म्हणाले. त्यावर विहीणबाई हसल्या. लेकीने नंतर सांगितलं की तिने त्यांना त्याआधी कधी दात दाखवताना पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी विहीणबाईंकडून शिवणयंत्र मागून घेतलं आणि जेवणाच्या टेबलावर झगा पसरला. चिखलाचा घोळ त्यांनी एका कापात उडवला. मणी उसवून टाकले. बाह्या जोडल्या होत्या ते मुंढे पूर्ण उसवून काखेत मोकळीक द्यायला नवीन कळ्या घातल्या. लेकीला समोर उभं केलं.

"हात वर कर."

तिने केले.

"आणखी वर. दिवा लावायचाय असं समज. आता खाली बस. आता पळ."

"पळू?"

"पळ म्हणतो ना. कधी कुठून पळायची वेळ येईल, सांगता येत नाही."

लेक जेवणाच्या टेबलाभोवती धावली. मास्तरांनी शेवटी उजव्या बाजूच्या शिवणीत हात घालून पाहिला आणि तिथे एक चांगला खोल खिसा बसवला. लेक त्यात हात घालून कितीतरी वेळ उभी राहिली. "असाच हवा होता मला," ती म्हणाली. "पण तुम्ही इतक्या हौसेने शिवत होतात, सांगायचा धीर झाला नाही." मास्तर दोरा दाताने तोडण्यात गुंतले असल्याचं दाखवत होते.

लग्न छान झालं. लेक नाचली, हात आकाशात उडवून नाचली. खिशातून तिने मध्येच रुमाल काढला तेव्हा तिच्या मैत्रिणींनी किंकाळी फोडली आणि मास्तरांना गराडा घातला. मास्तरांनी त्यांना कोबीची गोष्ट सांगितली. मग जावयाच्या मामांनी ती पुन्हा ऐकायला मागितली. मग विहीणबाईंनी स्वतः लोकांना ओढून आणलं. प्रत्येक वेळी शेत थोडं रुंद होत गेलं. चौथ्या वेळी त्यात एक बैल आला.

साडू दोन दिवस आधीच येऊन पोचले होते, छान झोप काढून, टवटवीत. त्यांच्या पायात विमानात मिळालेल्या सपाता होत्या. ते पाहुण्यांच्या एका घोळक्यापाशी गेले आणि म्हणाले, "आमच्या विमानात बटण दाबलं की खुर्चीचा पलंग होतो."

"वा," एक पाहुणा म्हणाला. "मग?"

"मग... झोपलो," साडू म्हणाले.

"आणि?"

"उठलो."

पाहुणे थोडा वेळ सभ्यपणे थांबले आणि मग मास्तरांच्या टेबलाकडे गेले, कारण तिथे आता बैल उधळला होता. साडू एकटेच खुर्चीवर बसून राहिले. ताईंनी विचारलं, "अहो, बरं वाटत नाही का?" तर म्हणाले, "काही नाही." पण जेवण काही त्यांना गोड लागलं नाही.

परतीच्या आदल्या दिवशी ते मास्तरांना बाजूला घेऊन गेले.

"मास्तर, तुमचं परतीचं तिकीटही तसलंच आहे का? ते... दोन विमानतळांचं?"

"तसलंच," मास्तर ओशाळून म्हणाले. "हिने माझ्याशी बोलणं सोडलंय त्यावरून."

"मग असं करू या," साडू घसा खाकरून म्हणाले. "मास्तरीणबाईंना माझ्या जागेवर आमच्या हिच्याबरोबर पाठवा. दोघी बहिणी पलंगावर गप्पा मारत जातील. मी तुमच्याबरोबर येतो. मी चौकशी केलीय. थोडे पैसे भरले की नाव बदलून मिळतं."

"अहो, पण तुम्हाला सवय नाही. पाणीसुद्धा मिळत नाही तिथे."

"चालेल."

"पाय मावत नाहीत."

"मी दुमडीन," साडू म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक होती. "मास्तर, फक्त एवढं सांगा. ती कोबी अजून उभी असेल ना? काढली तर नसेल?"